दर पावसाळ्यात त्याच जागी गळणारं कौलारू छप्पर: दुरुस्त करायचं की उतरवायचं?

तक्रार बहुतेक घरांची सारखीच. मे महिन्यात गडी लावून कौलं परतून घेतली, फुटकी बदलली, आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, नवा माल भरला. मृगातला पाऊस निभावला. आषाढात वाऱ्यासकट झड लागली आणि माजघरात गेल्या वर्षी बादली ठेवली होती तिथंच पुन्हा ठेवावी लागली. पुढल्या वर्षीही तेच. मग गणपतीला सगळे भाऊ जमले की विषय निघतो. एक म्हणतो, किती वर्षं ठिगळं लावत बसणार, सगळं उतरवून पत्रे घालूया. दुसऱ्याला स्लॅब हवा. काकू म्हणते, कौलांखाली झोप लागते, हात लावू नका. तिघंही मनापासून बोलत असतात, पण माळ्यावर जाऊन कुणी काही बघितलेलं नसतं.

ती बैठक बसण्याआधी काय बघायचं ते इथं लिहितोय. समोर धरलंय ते कोकणातलं नेहमीचं घर: जांभ्या चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे, त्यावर रिपा (आडव्या लाकडी पट्ट्या), वर मंगलोरी कौलं आणि पुढंमागं पडवी. गोव्यातल्या जुन्या घरांनाही यातलं बरंच लागू पडेल.

माझं मत आधीच सांगतो. छप्पर ठेवायचं की बदलायचं हे कौलांवरून ठरवू नका, लाकडावरून ठरवा. कौल सुटं असतं. एक काढून दुसरं बसवता येतं, आणि अगदी सगळी कौलं बदलावी लागली तरी घराचा सांगाडा तोच राहतो. वासे आणि आढं गेलं असेल तर मात्र वर कितीही चांगली कौलं घाला, गळती हटणार नाही, आणि एखाद्या झडीत छप्पर खाली यायची भीती आहे ती वेगळीच. मी बघतो ते नेमकं उलटं चाललेलं असतं. लाकूड ठणठणीत असलेली छपरं लोक कौलांना कंटाळून उतरवतात, आणि वासे पोकळ झालेल्या घरांत दरवर्षी कौलं बदलत राहतात.

आधी गळती नेमकी कुठून येते ते

कौलाखाली शिरलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते रिपेवर येतं, रिपेवरून वाशावर उतरतं आणि वाशाच्या पोटाला धरून उताराने सरकत जातं. वाटेत गाठ, खिळा किंवा आडवं लाकूड आलं की तिथं थेंब सुटतो. म्हणजे बादली जिथं आहे त्याच्या वर, आढ्याच्या दिशेने, दोन हातांवर शिरकाव आहे की आठ हातांवर, हे जमिनीवरून कळत नाही. मे महिन्यात गडी कोरड्या छपरावर चढतात, बादलीच्या बरोबर डोक्यावरची कौलं बदलतात आणि उतरतात. त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढंच सांगितलेलं असतं. दरवर्षी तीच जागा गळते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

जागा पावसातच धरायची. झड चालू असताना बॅटरी घेऊन माळ्यावर जा. ओला वासा वर वर बघत जा आणि ओल जिथं सुरू झालेली दिसते तिथं वाशाला सुतळीचा तुकडा बांधा. ओल्या लाकडावर खडू उमटत नाही, सुतळी मे महिन्यापर्यंत टिकते. मग खालूनच ओळी मोजा: आढ्यापासून कितवी ओळ, आणि पश्चिमेच्या टोकापासून कितवं कौल. "सहावी ओळ, चौदावं कौल" असं कागदावर लिहा, मोबाईलवर फोटो काढा. उन्हाळ्यात चढणाऱ्या माणसाच्या हातात हा कागद दिला की तो थेट त्या कौलापाशी जातो.

घर बंद असेल आणि पावसात तिथं कुणी नसेल तर उन्हाळ्यात पाण्याचा पाइप लावून बघता येतं, पण पद्धत सांभाळावी लागते. वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, सुरुवात करायची, एका पट्ट्यावर बराच वेळ पाणी सोडायचं, आत माणूस उभा करायचा, काही दिसलं नाही तरच पाइप वरच्या ओळीवर न्यायचा. वरून सुरू केलंत तर सगळं छप्पर ओलं होतं आणि काहीच कळत नाही. पाइप वरून खाली धरा, पावसाचं पाणी जसं येतं तसा. खालून वर फवारा मारला तर चांगलं छप्परसुद्धा गळेल.

गळती केव्हा होते यावरूनही बरंच समजतं. फक्त जोरदार वाऱ्याच्या पावसात गळत असेल तर कौलांचे सांधे किंवा उतार बघा. वारा नाही पण धो धो पडला की गळतं, असं असेल तर पाणी कुठंतरी तुंबतंय. आंब्या-फणसाखालच्या घरांत हे फार होतं. सुकलेला पाला कौलांच्या खाचांत बसतो, त्यावर धूळ आणि शेवाळ धरतं, आणि पाणी बांध घातल्यासारखं मागं फिरून सांध्यातून आत येतं. दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) आतल्या बाजूला मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ हे पाला साठण्याचं हमखास ठिकाण, आणि तिचा पत्रा कुजलेलाही असतो. दोन-तीन दिवस झड टिकल्यावर एका जागी थेंब पडण्याऐवजी सगळीकडून बारीक दव पडल्यासारखं वाटायला लागलं तर कौलंच पाणी प्यायला लागली आहेत. भिंतीलगतच ओल येत असेल तर छप्पर आणि भिंत यांच्या जोडातला चुना-सिमेंट सुटलंय. काचेचं कौल बसवलेलं असेल तर तिथं आधी बघा. त्याचा साचा शेजारच्या मातीच्या कौलाशी क्वचितच नीट जुळतो.

कौलांचा साचा न जुळणं

यावर जरा थांबतो, कारण हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मंगलोरी कौल हे नुसतं एकावर एक टाकायचं कौल नाही. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. त्याआधीची नळीची कौलं कुंभाराने हाताने केलेली असत, कुठलंही कुठंही बसे. मंगलोरी कौल साच्यातून निघतं. त्याच्या कडेला खाचा आणि उंचवटे असतात आणि ते शेजारच्या कौलात, बोटांत बोटं अडकवावीत तसे अडकतात. पोटाला रिपेवर अडकणारे कान असतात. पाणी अडतं ते या अडकण्यामुळं.

आता प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. लांबीत एखादा सूत (इंचाचा आठवा भाग), खाचेच्या खोलीत एखादा सूत. तुमच्या आजोबांनी घातलेली कौलं ज्या कारखान्याची, तो बहुधा केव्हाच बंद पडलाय. फुटलेल्या कौलाच्या जागी दुकानातून आणलेलं नवं कौल बसवलं की ते बसल्यासारखं दिसतं, पण एका कडेने किंचित उचललेलं राहतं. त्या फटीतून पाणी शिरतं आणि शेजारचं जुनं कौलसुद्धा नीट बसत नाही. पुढच्या वर्षी तिथंच गळतं, पुन्हा दोन नवी कौलं घातली जातात, आणि अशी विजोड कौलं पाखीभर पसरत जातात.

एक कौल उतरवून पोटाकडून बघा. कारखान्याचं नाव किंवा चिन्ह छापलेलं असतं. त्याच छापाची जुनी कौलं शोधा. जवळपास कुणी घर पाडून स्लॅब घालत असेल तिथं ती मिळतात, जुन्या सामानाच्या वखारीतही मिळतात. तीही मिळाली नाहीत तर माझा सल्ला असा: पडवीची किंवा मांगराची (घराजवळच्या शेडची) सगळी कौलं उतरवून मुख्य घराच्या दुरुस्तीला वापरा आणि पडवीवर सगळी नवी, एका साच्याची कौलं घाला. एका पाखीवर दोन साचे नकोत. नवी कौलं घालताना रिपांमधलं अंतरही नव्या कौलाच्या लांबीप्रमाणे बदलावं लागतं. सुताराला आधी पाच-सहा कौलं रचून दाखवायला सांगा आणि मगच रिपा ठोकू द्या.

कौल अजून चांगलं आहे का, हे घरी पाहता येतं. बोटाच्या सांध्याने किंवा नाण्याने वाजवा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आवाज आला तर त्याला बारीक चीर आहे किंवा ते कच्चं भाजलेलं आहे. नंतर चार-पाच कौलं वेगवेगळ्या ठिकाणची काढून उन्हात कडक वाळवा, वजन करा, दिवसरात्र पाण्यात बुडवून पुसून पुन्हा वजन करा. कोरडं कौल अडीच किलोच्या आसपास भरतं. ओलं झाल्यावर वजन पाव हिश्श्याच्या पुढं वाढलं तर ते कौल थकलेलं समजा. समुद्राच्या अगदी जवळच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने कौलाचा पापुद्रा सुटून लाल भुकटी पडते, ते तर न तोलताच कळतं. अशा कौलांवर रंग किंवा वॉटरप्रूफिंगचं द्रावण मारून घेणारे पुष्कळ आहेत. चांगल्या कौलाला त्याची गरज नसते, आणि सच्छिद्र झालेल्या कौलावरचा थर एक-दोन पावसाळ्यांत सुटतो. त्या पैशांत कौलं घ्या.

उताराची चूक दुरुस्तीने जात नाही

मंगलोरी कौलाला उतार लागतो. मोजायची सोपी रीत: एक फुटाची पट्टी लेव्हल लावून आडवी धरा, एक टोक वाशाला टेकवा आणि दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचं अंतर मोजा. सात इंच आलं तर उतार 30 अंशांचा, म्हणजे उत्तम. साडेपाच इंचांच्या खाली आलं तर कोकणातल्या वाऱ्या-पावसात पाणी सांध्यातून मागं चढणारच. मूळ घराचा उतार सहसा बरोबर असतो, फसते ती नंतर वाढवलेली पडवी. मुख्य पाखं तसंच पुढं नेलं तर पडवीत डोकं आपटतं, म्हणून तिचा उतार कमी केलेला असतो. अशा पडवीवर कौलं कितीही बदलली तरी ती गळत राहील. तिच्यापुरता पत्रा घालणं हाच उपाय, त्यासाठी मुख्य घराची कौलं उतरवायची गरज नाही.

आता लाकूड

यासाठी एक दिवस काढा आणि घरचंच कुणीतरी सुताराबरोबर माळ्यावर जा. आधी खळ्यात (अंगणात) उभं राहून आढ्याची रेषा बघा. मधे झोळ दिसतो का? दोन टोकांना दोरी ताणून आतून खात्री करा. थोडा जुना झोळ बऱ्याच घरांना असतो आणि तो तसाच राहतो, पण गेल्या काही वर्षांत वाढलेला झोळ वाईट. जुने फोटो काढून बघा, लग्नाच्या अल्बममध्ये घराचं आढं हमखास सापडतं.

मग प्रत्येक वाशाचं खालचं टोक, जिथं तो भिंतीवरच्या आडव्या लाकडावर टेकतो. वासा मधे सहसा कुजत नाही, तिथं वारा लागतो. कुजतो तो या टोकाला, कारण वळचणीचं पाणी, भिंतीतली ओल आणि माती तिथं एकत्र येतात. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि लाकडात दाबा. किंजळीच्या किंवा ऐनाच्या चांगल्या लाकडात टोक नखभरही जात नाही, हाताला कळ येते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात गेल्यागत आत जातं आणि बाहेर काढताना ओलसर काळपट तुसं येतात. कधी वरून लाकूड अगदी धड दिसतं, रंगही चांगला असतो, आणि पातळ कवचाखाली वाळवीने सगळं कुरतडून मातीने भरलेलं असतं. म्हणून दाबून बघायचं, नुसतं बघायचं नाही. हातोडीने ठोकत गेलात तर पोकळ वाशाचा आवाज लगेच वेगळा लागतो. प्रत्येक वाशाला नंबर घालून कागदावर चांगला, टोक गेलेला, पूर्ण गेलेला असं लिहीत जा. आढं, तुळया आणि भिंतीवरचं आडवं लाकूड यांची नोंद वेगळी.

जमिनीवर पिठासारखी भुकटी पडलेली असेल तर भुंगा लागलाय. ती झाडून घ्या आणि आठवड्याने पुन्हा बघा. पुन्हा पडली तर कीड जिवंत आहे, औषध करावं लागेल. पूर्वी माजघरामागं चूल पेटायची आणि तिचा धूर छपरातून जायचा. त्या धुराने आणि उबेने लाकूड कोरडं राहायचं, किडीला ते रुचायचं नाही. गॅस आला, मग घर बंद झालं, आणि शंभर वर्षं टिकलेलं लाकूड वीस वर्षांत गेलं असं बऱ्याच वाड्यांमध्ये दिसतं. माळ्यावर हवा खेळती ठेवा. कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद ठोकून घेण्याची टूम निघालीय, ती मला मुळीच पसंत नाही. गळती दिसेनाशी होते, पण कागदावर साठलेलं पाणी रिपांना आणि वाशांना कायम ओलं ठेवतं. दिसणारी गळती त्यापेक्षा परवडली.

निर्णय

कागद समोर ठेवा. आढं आणि तुळया शाबूत, वाशांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत खराब, असं असेल तर दुरुस्तीच करा, आणि कुणी काही सांगितलं तरी डळमळू नका. टोक गेलेल्या वाशाला पूर्ण बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून बाजूला तेवढ्याच जाडीचा दुसरा वासा चांगल्या लाकडावर पुरेसा मागं नेऊन बोल्टने आवळतात. रिपा गेल्या असतील तर सगळ्या बदला, त्यात कंजुषी नको. रिपा हा छपराचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारा भाग आहे, आणि त्या झुकल्या की वरची कौलं उघडतात. लाकूड चांगलं पण कौलं निम्म्याहून जास्त पाणी पिणारी निघाली, तर कौलं नवी, सांगाडा जुना.

आढंच खचलंय, तुळई भिंतीत शिरते तिथं कुजलीय, किंवा निम्मे वासे गेलेत, तर ठिगळं बंद करा. ते छप्पर उतरवायचंच आहे. आणखी दोन वर्षं ढकलणं म्हणजे मजुरीचे पैसे वाया आणि जिवाला धोका. भिंतीच्या डोक्याला बाहेर झुकणारी चीर दिसली तरी हेच. वासे भिंतीला बाहेर ढकलतायत असा तिचा अर्थ, आणि इथं सुताराबरोबर इंजिनिअरला बोलवा.

या दोहोंच्या मधली घरं पुष्कळ असतात. अशा ठिकाणी एक-एक पाखं घेऊन विचार करा. कोकणात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळं घराची एक बाजू दुसरीपेक्षा खूप जास्त झिजते. पश्चिमेचं पाखं नवं आणि पूर्वेचं दुरुस्त, असं करायला काहीच हरकत नाही.

वानरांचं कारण मात्र वेगळं मोजा. लाकूड चांगलं, कौलं चांगली, पण वानरांची टोळी रोज छपरावरून उड्या मारते आणि महिन्याला कौलं फुटतात, असं असेल तर सांगाडा तसाच ठेवून वरचं पांघरूण बदलणं भाग पडतं. लोक हौसेने पत्र्याकडे गेलेले नाहीत, या त्रासाने गेलेत, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

बदलायचंच ठरलं तर

100 चौरस फुटांच्या छपराचं वजन आधी डोळ्यांसमोर आणा. मंगलोरी कौलं 140 ते 150 लागतात, म्हणजे कोरडी असताना साडेतीनशे किलो, भिजल्यावर आणखी जास्त. अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी पत्रा पन्नास किलोच्या आतबाहेर. पाच इंची स्लॅब जवळजवळ तीन टन.

स्लॅबच्या आकड्यावरूनच उत्तर मिळतं. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर तीन टन ठेवता येत नाहीत. स्लॅब हवा तर पाया खणून कॉलम उभे करायचे, म्हणजे ते नवं घर झालं, छपराची दुरुस्ती राहिली नाही. आणि कोकणच्या पावसात स्लॅबही गळतो. रस्त्याने जाताना बघा, किती स्लॅबच्या घरांवर पुन्हा पत्र्याची शेड चढलीय ते.

पत्र्याची अडचण उलटी आहे, तो फार हलका. जुने वासे भिंतीवर बहुतेक नुसते टेकलेले असतात. त्यांना जागेवर धरून ठेवलेलं असतं ते कौलांच्या वजनाने. कौलं काढून त्याच वाशांवर पत्रा ठोकलात तर ते वजन गेलं, आणि वादळात पत्रा वाशांसकट उचलला जाऊ शकतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे कुठल्या कुठं गेले ते अनेकांनी पाहिलंय. म्हणून पत्रा घालण्याआधी भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा घाला, त्यात सळया सोडा आणि वासे किंवा लोखंडी ट्यूब त्याला बोल्टने बांधा. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात हा पट्टा आहे का ते पहिलं बघा. स्वस्तातल्या अंदाजात तोच गाळलेला असतो. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींत स्क्रू दाट हवेत, वारा तिथंच सगळ्यात जोरात उचलतो. पत्रे वाऱ्याच्या उलट टोकाकडून घालत यायचे, म्हणजे दोन पत्र्यांमधल्या सांध्याचं तोंड पावसाकडे येत नाही. स्क्रू उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट. हे वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात, तेव्हा काही वर्षांनी ते बदलावे लागणार हे धरून चाला. पत्र्याचं घर कोरड्या दिवसांत पहाटे आतून टपकलं तर ती गळती समजू नका, तो पत्र्याला सुटलेला घाम असतो. खाली हवा खेळवली की कमी होतो.

खाली पत्रा आणि वर कौलं हा प्रकार आता खूप ठिकाणी करतात. वानरांनी कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही आणि घर थंड राहतं, हे खरं. पण दोन्हींचं वजन एकाच सांगाड्यावर येतं, म्हणून जुन्या लाकडावर हे करू नका. शिवाय पत्र्यावर थेट आडव्या रिपा ठोकल्या तर प्रत्येक रिपेमागं पाला आणि पाणी अडतं. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, मग कौलं. ही उभी पट्टी ठेकेदार "कशाला हवी" म्हणून टाळतात. ती हवीच.

गोठ्यावर किंवा मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते काढताना सांभाळा. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो, आणि पत्रा फोडला किंवा कोरडा कापला की त्याची बारीक तुसं हवेत उडून फुप्फुसात जातात. पाणी मारून ओला करा, अख्खा उतरवा, मुलांना लांब ठेवा, तुकडे अंगणात भरावाला टाकू नका.

काम सुरू करण्याआधी

घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, आणि नमुना 8 च्या उताऱ्यावर (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) नावं कुणाची आहेत ते बघा. छप्पर उतरवल्यावर भाऊबंदकी निघाली तर उघडं घर पावसात राहतं. दुरुस्ती असली तरी ग्रामपंचायतीला अर्ज देऊन पोच ठेवा. घरच्या जागेतलं लाकूड वापरणार असाल तर साग, ऐन, किंजळ, फणस अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. महाराष्ट्रात यासाठी 1964 पासून कायदा आहे. परवानगी मिळायला, झाड पाडायला आणि लाकूड सुकायला लागणारा वेळ धरला तर ही तयारी आदल्या दिवाळीतच सुरू व्हायला हवी. ओल्या लाकडाचे वासे घातले तर ते पहिल्याच उन्हाळ्यात पिळवटतात.

छप्पर उतरवायचं काम मार्चच्या आसपास धरा, मे अखेरपर्यंत ढकलू नका. वळीव कधी येईल सांगता येत नाही आणि मातीत बांधलेल्या भिंतीच्या डोक्यावर एक पाऊस पडला तरी ती खचते. मोठी ताडपत्री पहिल्या दिवशीच आणून ठेवा. ज्याने काम घेतलंय त्याच्याकडून लेखी घ्या की एका वेळी एकच पाखं उघडेल. उतरवलेली चांगली कौलं विकून टाकू नका. मांगरात उभी रचून ठेवा, शंभरेक तरी. तुमच्या साच्याचं कौल पुन्हा बाजारात मिळणार नाही, आणि पडवीला, विहिरीच्या शेडला, शेजाऱ्याच्या घराला ती लागतीलच.